जेमी ली कर्टिस यांचे पुनरागमन: 'हॅलोवीन'च्या उत्तरभागाचे बळ की कुबडी?

(रसभंगाची सूचना: धाग्यात आणि प्रतिसादांत मालिकेतील जवळपास सर्व शेवट उघड केले आहेत.)

धागा

मुखवटा घातलेला एक खुनी (मायकल मायर्स), एक लहान गाव, एक रात्र आणि एकेक करून गाठली जाणारी तरुण मुले, एवढ्या भांडवलावर जॉन कार्पेंटर यांनी १९७८ साली 'हॅलोवीन' केला. सुमारे सव्वातीन लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटात लॉरी स्ट्रोडची भूमिका करणाऱ्या जेमी ली कर्टिस चित्रीकरणाच्या वेळी एकोणीस वर्षांच्या होत्या आणि मोठ्या पडद्यावरचे ते त्यांचे पहिलेच काम होते. चाळीस वर्षांनी, २०१८ साली, डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांनी त्याच नावाचा उत्तरभाग काढला, मधले सगळे भाग बाजूला सारले आणि साठीला टेकलेल्या कर्टिस यांना पुन्हा लॉरी म्हणून उभे केले.

मूळ कलाकाराला परत आणणे म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असे सर्रास म्हटले जाते. या चित्रपटाच्या बाबतीत ते मला मुळीच पटत नाही. त्या एका रात्रीने लॉरीच्या चाळीस वर्षांचे काय केले, हाच २०१८ च्या चित्रपटाचा विषय आहे. दोन घटस्फोट झालेले, सरकारी यंत्रणेने बारा वर्षांची मुलगी काढून घेतलेली, आणि आता ही बाई गावाबाहेर कुंपण, दिवे, बंदुका आणि सरकत्या ओट्याखाली दडवलेले तळघर घेऊन एकटी राहते. रेस्टॉरंटमध्ये घरच्या मंडळींसमोर बसल्यावर ती दुसऱ्याचा वाइनचा पेला उचलून घटाघटा पिते आणि पुढच्याच क्षणी तिचा बांध फुटतो. तिथे दुसरी कितीही समर्थ अभिनेत्री असती तरी आपण एक दुःखी बाई पाहिली असती. कर्टिस असल्यामुळे आपल्याला ती एकोणीस वर्षांची मुलगी दिसत राहते, आणि घशात आवंढा येतो तो त्यामुळे.

प्रतिसाद १

आपण मांडलेला रेस्टॉरंटचा प्रसंग मलाही भिडला, तरी मूळ मताला माझा ठाम विरोध आहे. १९७८ च्या चित्रपटातली भीती कशातून येते, हे आधी पाहायला हवे. लॉरीचे वडील घरांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करतात. त्यांच्या सांगण्यावरून ती शाळेत जाता जाता मायर्सच्या ओसाड घराच्या पायरीवर किल्ली ठेवते आणि आतून कोणीतरी तिला पाहतो. कारण म्हणाल तर एवढेच. तिच्या जागी रस्त्यावरून जाणारी दुसरी कोणतीही मुलगी असू शकली असती, आणि आपल्या पाठीवर काटा येतो तो नेमका यामुळेच.

ज्या क्षणी ही मुलगी मालिकेची नायिका ठरली, त्या क्षणी तिचे आणि खुन्याचे नाते जुळवणे भाग पडले. १९८१ च्या दुसऱ्या भागात ती त्याची बहीण निघाली. ही कल्पना लिहिणाऱ्या कार्पेंटर यांनाच ती पुढे नापसंत झाली. २०१८ च्या चित्रपटाने ते नाते एका वाक्यात खोडून काढले, याचे श्रेय मी देतो. पण मग मायकलने लॉरीच्या दारात यावे तरी का? त्यासाठी मायकलवर उपचार करणारा डॉक्टर सार्टेन हे पात्र आणावे लागले, ज्याने पोलिसाला भोसकून मायकलला गाडीत घालून त्या दिशेने न्यावे लागले. अभिनेत्री परत आली म्हणून सामना हवा, आणि सामना हवा म्हणून कथेचे हातपाय पिरगाळायचे, यालाच मी कुबडी म्हणतो.

धागाकर्त्याचे उत्तर

डॉक्टरचे उपकथानक लंगडे आहे, हे मला मान्य आहे. त्या भागात चित्रपटाची पकड सुटते. किल्लीचा मुद्दाही बिनतोड आहे. परंतु वर्गातले दृश्य आठवून पाहावे. १९७८ मध्ये लॉरी वर्गात नियतीवरचा धडा ऐकता ऐकता खिडकीबाहेर पाहते, तेव्हा रस्त्यापलीकडे मायकल उभा असतो. २०१८ मध्ये तिची नात अ‍ॅलिसन तशीच बाहेर पाहते आणि पलीकडे उभी असते लॉरी. खुन्याची जागा आता आजीने घेतली आहे. ती नातीचे रक्षण करते आहे आणि त्याच वेळी नातीच्या आयुष्यावर तिची सावलीही पडते आहे. (त्या वर्गातल्या शिक्षिकेचा आवाज पी. जे. सोल्स यांचा आहे, ज्यांनी मूळ चित्रपटात लॉरीच्या मैत्रिणीचे काम केले होते.) पुढे लॉरी गच्चीवरून खाली पडते, मायकल वाकून पाहतो आणि जमीन रिकामी असते. मूळ चित्रपटात असाच पडून नाहीसा झाला होता तो मायकल. त्या शेवटाची ही उलटापालट दुसऱ्या अभिनेत्रीच्या आधारावर कशी पेलली असती?

प्रतिसाद २

दोघेही लॉरीवरच का अडून बसला आहात, हे मला समजत नाही. १९८८ च्या चौथ्या भागात कर्टिस नव्हत्या. लॉरी अपघातात गेल्याचे सांगून मोकळे झाले, आणि तरीही तो भाग उभा राहिला तो मायकलचा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर लूमिस झालेल्या डोनाल्ड प्लेझन्स यांच्यामुळे. १९९५ साली त्यांचे निधन झाले, तोवर भाजलेला चेहरा आणि काठी घेऊन हा माणूस ओरडून गावाला सावध करत राहिला. मूळ कलाकाराच्या निष्ठेबद्दल बोलायचे तर पहिला मान त्यांचा आहे.

आणि मुखवट्याआडच्या निक कॅसल यांचे काय? दिवसाला पंचवीस डॉलरांवर त्यांनी ते काम केले. श्रेयनामावलीत त्यांच्या भूमिकेला नाव नाही, नुसते 'आकृती' असे म्हटले आहे. घाई नसलेली ती चाल, खून केल्यावर चित्र न्याहाळावे तशी मान तिरकी करणे, हे सगळे त्यांच्या अंगातून आले. २०१८ मध्ये त्यांना अगदी थोडा वेळ पडद्यावर आणले. बाकीचा मायकल जेम्स ज्यूड कोर्टनी यांनी साकारला, आणि उत्तम साकारला. म्हणजे ज्याच्या शरीराने भीती निर्माण केली त्याची जागा दुसऱ्याला भरून काढता आली. मग लॉरीचीच जागा भरून निघणार नाही, असे का मानायचे?

प्रतिसाद ३

मुखवट्याआडचा माणूस बदलता येतो, कारण मुखवटा म्हातारा होत नाही. उघड्या चेहऱ्याचे तसे नाही, आणि म्हणून या मुद्द्यावर मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. माझी तक्रार मात्र निराळी आहे. परत बोलावलेल्या कलाकाराला काम द्यावे लागते, आणि स्लॅशर (खुनी एकेकाला गाठून मारतो अशा) चित्रपटांचे उत्तरभाग तिथेच हात आखडता घेतात. १९९८ च्या 'हॅलोवीन एच२०' या भागामध्ये लॉरी नाव बदलून शाळेची मुख्याध्यापिका झालेली, दारू लपवून पिणारी स्त्री होती, आणि शेवटी स्वतः कुऱ्हाड उचलून मायकलचे शिर उडवत होती. चार वर्षांनी आलेल्या भागाने ते शिर दुसऱ्याच माणसाचे होते असे सांगितले आणि लॉरीला सुरुवातीलाच रुग्णालयाच्या छतावरून खाली टाकले. एका अभिनेत्रीने कमावलेला शेवट इतक्या सहज पुसून टाकला, याचा मला आजही मनापासून राग येतो.

२०२१ च्या 'हॅलोवीन किल्स'मध्येही तेच. चित्रपटभर लॉरी रुग्णालयात पडून आहे आणि बाहेर जमाव भलत्याच माणसाचा जीव घेतो आहे. कर्टिस यांचे नाव आधी लागते, पण पात्राच्या वाट्याला खाट येते.

प्रतिसाद १ चे लेखक पुन्हा

'किल्स'चा उल्लेख आला हे बरे झाले, कारण माझा मुद्दा त्याच चित्रपटाने कबूल केला आहे. मायकल लॉरीसाठी आलाच नव्हता, त्याला फक्त आपल्या घरी जायचे होते, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. चाळीस वर्षे जिने दारे-खिडक्या लावून घेतल्या, तिच्याकडे त्याने एकदाही वळून पाहिले नव्हते. ही कल्पना भयंकर आहे आणि मूळ किल्लीच्या प्रसंगाशी प्रामाणिक आहे. कर्टिस यांना परत आणायचेच होते, तर ही गोष्ट लॉरीला समजते तो क्षण मला त्यांच्या चेहऱ्यावर पाहायचा होता. तीन चित्रपटांत त्यासाठी एक अख्खे दृश्य कोणाला का काढता आले नाही?

धागाकर्त्याचे उत्तर

ते दृश्य मलाही हवे होते. २०२२ च्या 'हॅलोवीन एंड्स'मध्ये ती त्याला स्वयंपाकघराच्या टेबलावर सुऱ्यांनी खिळवते, तेव्हा मी तिच्या हातांकडे पाहत नव्हतो. तिच्या तोंडाकडे पाहत होतो, आणि आपण म्हणता तो क्षण तिथे अर्धा तरी आला आहे असे मला वाटले. आपण ती पाच मिनिटे पुन्हा पाहावीत आणि मग लिहावे, मी थांबतो.