डिस्ने वर्ल्डच्या कोणत्या सूचना तुम्ही मुद्दाम पाळत नाही?

ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम हे चार पार्क) तिकिटं काढली असं कुणी नुसतं म्हटलं, की त्याच सात-आठ सूचना सगळीकडून येतात. दरवाजे उघडायच्या आत पोचा. लायटनिंग लेन, म्हणजे पैसे देऊन मिळणारी छोटी रांग, घ्याच. दुपारी हॉटेलवर जाऊन झोपा. जेवणाची टेबलं ६० दिवस आधी धरा. पार्क हॉपर, म्हणजे एकाच दिवशी एकाहून जास्त पार्कांत जाता येणारं तिकीट, घ्या. पाऊस आला की निघा. आतषबाजीसाठी दीड तास आधी जागा पकडा. यातली एकही सूचना खोटी नाही, पण प्रत्येकीत एक ठरावीक प्रवासी गृहीत धरलेला असतो. पुण्याहून आलेले सत्तरीतले आजी-आजोबा किंवा तीन वर्षांचं नातवंड त्या हिशोबात सहसा बसत नाही.

जाणकारांनी वर आपलं गाव टाकून इथे लिहावं: कोणती सूचना बाजूला ठेवता, का, आणि त्याऐवजी नेमकं काय करता? वेळ, अंतर, आकडे हवेत. प्रवासवर्णन नको.

सॅन होजे

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचायची सूचना पश्चिम किनाऱ्यावरून जाणाऱ्यांनी खुशाल सोडावी. ऑरलँडोचे ९ म्हणजे आपल्या शरीराचे ६. शिवाय पार्क ९ला उघडणार असेल तर डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेल्यांना अर्धा तास आधीच, ८:३०ला, आत सोडतात. बाहेर राहणारे धडपडत ९ला आत शिरतात तेव्हा सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनची रांग आधीच भरलेली असते. पहाटे उठण्याचा त्रास पूर्ण, फायदा अर्धाच.

त्यात मॅजिक किंगडमचं वेगळंच गणित आहे. गाडी पार्कच्या दाराशी लागत नाही. ती ट्रान्सपोर्टेशन अँड तिकिट सेंटरला लावायची, तिथे सामानाची तपासणी, मग तलावापलीकडे मोनोरेलने किंवा फेरीबोटीने. गाडी लावल्यापासून पहिल्या राइडपर्यंत पाऊण ते एक तास धरावा. हा तास न धरल्यामुळेच बहुतेकांची 'लवकर' सकाळ फसते.

त्याऐवजी दिवसाचं दुसरं टोक धरा. पार्क बंद व्हायच्या मिनिटापर्यंत जो रांगेत शिरला, त्याला राइड मिळते. शेवटचे दोन तास लहान मुलांची कुटुंबं निघून गेलेली असतात. सगळ्यात मोठी राइड शेवटच्या दहा मिनिटांसाठी ठेवायची. बाहेर पाटीवर लिहिलेला वेळ तेव्हा बरेचदा फुगवलेला असतो, तो बघून परत फिरू नका.

न्यू जर्सी

वरचं पटलं, पण थेट भारतातून आलेल्यांना बरोब्बर उलटं सांगेन. उन्हाळ्यात फ्लोरिडा भारताच्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. पहिले तीन-चार दिवस आई-बाबा पहाटे ३ला टक्क जागे आणि दुपारी ४ला पेंगुळलेले. त्यांच्यासाठी सकाळची सूचना पाळावी आणि रात्रीच्या आतषबाजीची सोडावी. आतषबाजी मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांवर ठेवा.

पहिला दिवस अ‍ॅनिमल किंगडमला द्या. ते सहसा सगळ्यांत लवकर उघडतं आणि लवकर बंद होतं. किलिमांजारो सफारीत प्राणीही सकाळच्या गारव्यातच हिंडताना दिसतात.

शार्लट

लायटनिंग लेन. २०२० पर्यंत फास्टपास फुकट होता, २०२१ मध्ये पैसे देऊन घ्यायचा जीनी प्लस आला आणि जुलै २०२४ पासून आत्ताची पद्धत आहे: बऱ्याच राइड्सना मिळून एक मल्टी पास, आणि मोजक्या राइड्सना वेगळा सिंगल पास. 'घ्याच' म्हणणारे एक सांगत नाहीत, की चारही पार्कांत त्याची गरज सारखी नाही.

मॅजिक किंगडममध्ये राइड्स भरपूर, म्हणून पैसे वसूल होतात. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये राइड्स कमी पण प्रत्येकीला गर्दी, तिथेही उपयोग होतो. अ‍ॅनिमल किंगडममध्ये मात्र मल्टी पास सरळ सोडून द्यावा. मोठ्या राइड्स मोजक्याच, बाकी चालत बघायच्या वाटा आणि बसून बघायचे खेळ. तिथे फार तर अवतार फ्लाइट ऑफ पॅसेजचा सिंगल पास घ्या. एक्सपेडिशन एव्हरेस्टला एकेकट्याची वेगळी रांग असते. मोठी मुलं वेगवेगळ्या डब्यांत बसायला तयार असतील तर ती वापरा.

घेणारच असाल तर वेळ पाळा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना राइड्स ७ दिवस आधी निवडता येतात, बाकीच्यांना ३ दिवस आधी, दोघांनाही पूर्व अमेरिकेच्या सकाळी ७पासून. भारतातून करत असाल तर ते उन्हाळ्यात दुपारी साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. कार्ड आधीच डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये भरून ठेवा आणि सगळ्यांची तिकिटं एका खात्याला जोडून घ्या. सहा जणांपैकी एकाचं तिकीट जोडलेलं नसलं की त्या घाईत सगळं अडतं. तीन वर्षांखालच्या मुलाला ना तिकीट लागतं ना पास.

आधी तीन राइड्सच्या वेळा निवडता येतात. पहिली वापरली की त्याच क्षणी पुढची घ्यायची, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. त्यामुळे पहिली वेळ सकाळची निवडा, मग ती कमी गर्दीच्या राइडची असली तरी चालेल.

अटलांटा

दुपारी हॉटेलवर जाणे. हॉटेल डिस्नेच्या हद्दीबाहेर असेल तर हे करूच नका. मॅजिक किंगडममधून निघून शेजारच्या किसिमी गावातल्या भाड्याच्या घरी पोचायला बोट, ट्राम, गाडी मिळून तास-सव्वा तास, परत तेवढाच. मधे झोप तासभराची. म्हणजे साडेतीन तास गेले, आणि उन्हात दोनदा ओढाताण झाली ती वेगळी. कंटेम्पररी हॉटेलात उतरला असाल तर गोष्ट निराळी. तिथून मॅजिक किंगडमच्या दारापर्यंत दहा मिनिटं चालत.

बाकीच्यांनी दुपारी १ ते ४ हा वेळ पार्कातच गारव्यात बसून काढावा. मॅजिक किंगडममध्ये कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस वीसेक मिनिटं, रांग जवळजवळ नाही, पाठ टेकून बसायचं, आणि भर एसी. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी ते तयार झालं होतं, म्हाताऱ्या माणसांना खरंच आवडतं. त्यानंतर मिकीज फिलहारमॅजिक हा थ्रीडी सिनेमा, मग पीपलमूव्हर, जिथे सावलीत वारं खात दहा मिनिटं फिरायचं. एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँडची बोट आणि शेजारचं मत्स्यालय. अ‍ॅनिमल किंगडममध्ये लायन किंगचा अर्ध्या तासाचा खेळ.

तान्ह्यांसाठी चारही पार्कांत बेबी केअर सेंटर आहे. दूध पाजायला वेगळी शांत खोली, बदलायची टेबलं, भरवायच्या खुर्च्या. मॅजिक किंगडममधलं मेन स्ट्रीट संपते तिथे, क्रिस्टल पॅलेसच्या बाजूला. फार कमी आपली माणसं तिथवर पोचतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

एडिसन

जेवणाची टेबलं ६० दिवस आधी धरायची सूचना शाकाहारी कुटुंबाने निम्मी तरी सोडावी. मिकी भेटायला येतो तिथलं एक जेवण मुलांसाठी धरा, बाकी डबा न्या. बाहेरचं खाणं आत नेता येतं, हेच अनेकांना माहीत नसतं. नियम थोडेच: काचेची बाटली किंवा बरणी नाही, दारू नाही, गरम करावं लागेल असं काही नाही, सुटा बर्फ नाही. बर्फाऐवजी गोठवलेले जेल पॅक चालतात. लोणचं काचेच्या बरणीत असलं तर तपासणीत अडकतं, प्लास्टिकच्या छोट्या डबीत घाला.

फ्लोरिडाच्या उकाड्यात टिकणारं न्या: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, कोरडी शेंगदाण्याची चटणी, चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या. ओलं खोबरं घातलेलं काहीही नको, दुपारपर्यंत आंबतं. दही-भात जेल पॅकवर फार तर बारापर्यंत. पोळीभाजीचा रोल करताना भाजी पूर्ण कोरडी हवी, नाहीतर पोळी भिजून फाटते.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. जिथे मशीनचा कोक मिळतो त्या प्रत्येक काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं, काही खरेदी न करता. नळाच्या पाण्याला तिथे वास येतो, तेव्हा लिंबू सरबताची पूड किंवा ओआरएस जवळ असू द्या.

आतलं घ्यायचं असेल तर नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका. त्यात अंडं चालतं असंच धरतात. अंडं नको, मांसाचा रस्सा नको, तळणीचं तेल वेगळं आहे का, असं एकेक विचारा. अ‍ॅलर्जीचं वेगळं मेन्यूकार्ड बहुतेक ठिकाणी असतं.

टोरांटो

वरच्याला जोड. एक टेबल मात्र आधी धराच: अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं सनाआ. नान, कुलचा आणि बऱ्याच चटण्या एकत्र येतात ती ब्रेड सर्व्हिस तिथली खासियत. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. ते हॉटेलात असल्याने पार्कचं तिकीट लागत नाही. पोचल्याच्या दिवशी संध्याकाळी ठेवा, तिकिटाचा दिवस वाया जात नाही.

रॅली

'पाच वर्षांच्या मुलाला स्ट्रोलर कशाला?' हा सल्ला देणाऱ्याने एपकॉट पायी पाहिलेलं नसतं. तिथल्या देशांच्या तळ्याभोवतीचा फेराच जवळजवळ दोन किलोमीटरचा, तोही दिवसाच्या शेवटी. सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला स्ट्रोलर घ्या.

मापं बघून घ्या: रुंदी ३१ इंच, लांबी ५२ इंच यापेक्षा मोठा आत सोडत नाहीत, आणि ओढायची गाडी तर नाहीच. डिस्नेच्या बसमध्ये घडी करावी लागू शकते, मुलगा झोपलेला असला तरी. स्कायलायनर या रोपवेच्या पाळण्यात आणि मोनोरेलमध्ये उघडाच ढकलत नेता येतो. राइडबाहेर ठेवलेले स्ट्रोलर कर्मचारी हलवून रांगेत लावतात, त्यामुळे परत आल्यावर जागेवर नसला तर घाबरू नका, आसपासच असतो. दांड्याला भडक ओढणी बांधून ठेवा. पासपोर्ट, पाकीट त्यात कधीच नाही.

ह्यूस्टन

'लहान मुलं असताना मोठ्या राइड्स विसरा' हे ऐकू नका. रायडर स्विच मागा. रांगेत शिरण्याआधी दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं, बाळासह सगळ्यांनी समोर उभं राहायचं. एक जण आधी जातो, दुसरा बाळाजवळ थांबतो, मग दुसऱ्याला लायटनिंग लेनमधून सोडतात. पुरेशा उंचीचं मोठं भावंड दोन्ही वेळा जाऊ शकतं. रांगेत अर्ध्यावर गेल्यावर मागितलं तर मिळत नाही.

उंच्या घरूनच बघून ठेवा: स्लिंकी डॉग डॅश आणि सेव्हन ड्वार्फ्स ९७ सेंमी, टॉवर ऑफ टेरर १०२, गार्डियन्स १०७, स्पेस माउंटन आणि एव्हरेस्ट ११२, ट्रॉन १२२. काठीने मोजतात आणि एका सेंटिमीटरचीही सूट देत नाहीत. मुलाला कबूल करण्याआधी घरच्या भिंतीवर मोजा.

टँपा

पाऊस आला की निघू नका. जून ते सप्टेंबर इथे दुपारी वीज-गडगडाटासह सर येते, तास-दीड तासात थांबते. गर्दी नेमकी तेव्हा घरी जाते. विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या राइड्स, म्हणजे स्लिंकी डॉग, सेव्हन ड्वार्फ्स, एव्हरेस्ट, बंद ठेवतात; पायरेट्स, हाँटेड मॅन्शन, स्पेस माउंटन, टॉवर ऑफ टेरर यांसारख्या आतल्या राइड्स चालू असतात. तुमच्या लायटनिंग लेनच्या वेळात राइड बंद पडली तर पास वाया जात नाही. अ‍ॅपमध्ये तो बदलून येतो, नंतर त्याच किंवा दुसऱ्या राइडला वापरता येतो.

छत्री नको, गर्दीत उघडता येत नाही. पोंचो घरून आणा. आणि 'चांगले स्पोर्ट्स शूज घाला' ही सूचना उन्हाळ्यात मी मोडायला सांगतो. भिजलेले मोजे दिवसभर पायांत राहिले की फोड येणारच. आपल्याकडच्या पावसाळी सँडल, मागे पट्टा असलेल्या आणि दोन-तीन महिने वापरून मऊ झालेल्या, तिथे सर्वांत उत्तम. शूजच घालायचे तर कोरड्या मोज्यांचा एक जोड झिपच्या पिशवीत.

शिकागो

पार्क हॉपर: चार दिवसांत चार पार्क असतील तर पैसे वाचवा. मॅजिक किंगडमहून अ‍ॅनिमल किंगडमला दारापासून दारापर्यंत सहज तास जातो. अपवाद एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या जोडीचा: मधे पायवाट, बोट आणि स्कायलायनर तिन्ही आहेत. त्या दोघांसाठी हॉपर घेण्यात अर्थ आहे.

दुसऱ्याची उरलेल्या दिवसांची तिकिटं विकत घेऊ नका. दारावर बोट टेकवून तिकीट माणसाशी जोडतात.

ऑस्टिन

आतषबाजीसाठी मॅजिक किंगडमच्या किल्ल्यासमोर दीड तास उभं राहणं. किल्ल्याच्या भिंतीवरची प्रकाशचित्रं फक्त समोरूनच दिसतात, त्यासाठी उभं राहायचं असेल तर एकदा राहा. लहान मूल कडेवर असेल तर तळ्यापलीकडे पॉलिनेशियन हॉटेलच्या किनाऱ्यावरून बघा. आवाज सौम्य, बसायला वाळू, आणि बाहेर पडताना चेंगराचेंगरी नाही. ज्यांना आतषबाजीचं फार वाटत नाही त्यांनी नेमक्या त्या वेळी राइड्सवर जावं, रांगा झपाट्याने उतरतात.

संपल्यावर लगेच दाराकडे धावू नका. मेन स्ट्रीटवरची दुकानं पार्क बंद झाल्यावरही काही वेळ उघडी असतात. अर्धा तास बाकावर बसून राहा, मग मोनोरेलची लांबलचक रांग टाळून फेरीबोट पकडा. आणि सकाळी गाडी लावताना ओळीच्या पाटीचा फोटो काढा. तो विसरला तर निदान किती वाजता आत आलात ते आठवा. कुठला विभाग किती वाजता भरला याची नोंद पार्किंगच्या कर्मचाऱ्यांकडे असते, त्यावरून ते गाडीची ओळ शोधून देतात.