अनुभव धागा: बोर्दोशेजारचं पेसाक

भटकी_मनी: चंदीगडच्या कॅपिटॉलचा फोटो ग्रूपवर आला आणि फ्रान्समधल्या बोर्दोशेजारच्या पेसाक गावातली वस्ती आठवली. दोन्ही वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएची कामं, २०१६ साली जागतिक वारशाच्या एकाच यादीत गेलेली. जाऊन आलेल्यांनी कामाचं तेवढं लिहा, पुढच्यांना उपयोग होईल.

रुळावरून: बोर्दोहून ट्रॅमची बी लाइन. बूनयार थांब्याला फाटा फुटतो. डब्यावर 'पेसाक सांत्र' आहे की 'फ्रांस अलुएत' ते बघूनच चढा. विमानतळावरून ट्रॅम ए, मग ओतेल द व्हील थांब्याला बदलून बी. बदलल्यावरही तिकीट पुन्हा मशीनला लावायचं. घाई असेल तर बोर्दोच्या सँ-जाँ स्टेशनवरून लोकल गाडी, ट्रॅमपेक्षा बरीच लवकर पोचते.

ओटीवरून: ल कॉर्ब्युझिएची ती वस्ती म्हणजे सिते फ्रुजेस, पेसाक स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. साखर कारखानदार आंरी फ्रुजेसने कामगारांसाठी १९२४ ते २६ मध्ये बांधून घेतली. घरं उभी राहिली, पण पाण्याची जोडणी अडली, म्हणून काही वर्षं रिकामीच. नंतर राहायला आलेल्यांनी लांबलचक आडव्या खिडक्या बुजवल्या, सपाट गच्चीवर उतरती छपरं चढवली. आपल्याकडे गॅलरी ग्रिल लावून आत घेतात तसंच की! आता बरीच घरं मूळ रूपात आणली आहेत. आतून बघायला मिळतं ते नगरपालिकेचं एकच घर, बाकीच्यांत माणसं राहतात. खिडकीत कॅमेरा खुपसू नका.

चहाबाज: आणि वाइन? की नुसती घरंच बघायची 😄

द्राक्षमळा: शातो ओ-ब्रिऑं हा वाइनचा मळा पेसाकमध्येच, चहूबाजूंनी घरं आणि मधे मळा. बोर्दोच्या नामांकित लाल वाइनच्या १८५५ च्या यादीत मेदोक भागाबाहेरचं हे एकटंच नाव. जमीन खडीची आहे. पाणी झटकन निचरतं आणि दिवसा तापलेले दगड रात्री ऊब देतात. आधी वेळ ठरवल्याशिवाय आत घेत नाहीत, फाटकावर जाऊन हुज्जत घालू नये. चाखताना थुंकायचं भांडं समोर असतं. ते वापरा, लाजू नका, नाहीतर चौथ्या पेल्यानंतर सगळ्यांचीच चव सारखी.

पोटोबा: कॅनले, म्हणजे बोर्दोचे छोटे केक, खाऊन या. शाकाहारींनो, त्यात अंड्याचा बलक असतो, रमही.

चहाबाज: हात्तिच्या! घरी अप्पेपात्रात होतील का?

पोटोबा: छे, खोल साचा हवा. तांब्याचा असेल तर उत्तम, आत लोणी आणि मधमाशांचं मेण. पीठ फ्रीजमध्ये निदान २४ तास मुरवा. घाईत लगेच भाजलंत की साच्याबाहेर फुगून येतं आणि मग मध्ये बसतं. आधी कडक आच, मग कमी. वरून जवळजवळ करपल्यासारखं दिसलं पाहिजे, आत मऊ.

भटकी_मनी: मेण कुठे मिळतं इथे? आयुर्वेदिक दुकानात?

पोटोबा: खायचं आहे ना, विचारून घ्या. मेणबत्तीवालं आणाल.