एमपीएससी असो की हार्मोनियम: माणूस गरजेनं हलतो की प्रेरणेनं?

पेठकर: सदाशिव पेठेत आमच्या गल्लीत अभ्यासिका आहे. टेबलाटेबलावर सुविचारांच्या चिठ्ठ्या, रात्री मेसचं जेवण झालं की मोबाइलवर कुणा अधिकाऱ्याचं भाषण. अंगावर काटा येतो, पुस्तक मात्र कालच्याच पानावर! माझ्या मते प्रेरणा ही चैन आहे. अविनाश साबळे बघा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, घरची परिस्थिती बेताची, बारावीनंतर सैन्यात गेला. पुढे २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य. गरज नसती तर गावातून निघाला असता का?

घाटवाट: पेठकर, हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. गरज नोकरीची होती ना? ती भरती झाली त्याच दिवशी भागली. नंतर अडथळे ओलांडत पळ म्हणून कोण मानगुटीवर बसलं होतं? वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद, सुवर्ण हुकलं ०.०५ सेकंदानं. इतकं कुणी पगारासाठी पळत नाही. आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसळे घ्या. रेल्वेत तिकीट तपासनीस, महिन्याची भ्रांत नाही, तरी रायफल सोडली नाही. २०२४ ला पॅरिसहून कांस्य घेऊन आला.

पेठकर: आणि त्यानंतर रेल्वेनं बढती दिली, ते का गाळलंत? गरज भागते कुठे? नोकरी लागली की बढती, बढती झाली की घर.

घाटवाट: बढती पदकानंतर. आधी कुणी लिहून दिली होती?

माळरान: मी त्याच पेठेत काही वर्षं काढली आहेत, म्हणून बोलतो. मेसचा एक डबा दोघांत खायचो. गावाकडून पैसे यायचे ते सोयाबीन विकून. गरज म्हणाल तर गळ्यापर्यंत होती. झालं काय? पूर्व परीक्षेला चुकीच्या उत्तराला गुण कापतात. ज्याचं घरी बरं चाललेलं, तो येत नसलेला प्रश्न शांतपणे सोडून द्यायचा. मी मात्र ‘या वेळी निघालीच पाहिजे’ म्हणत अंदाजानं गोळे काळे करत सुटायचो. गरजेनं माणूस पळतो खरा, पण डोळे मिटून. पेठकर, तुमच्या गल्लीतल्या त्या पोरांना गरज कमी आहे असं खरंच वाटतं तुम्हाला?

पेठकर: ती गरज नव्हे, धास्ती.

माळरान: खिशात पैसे नसले की दोन्ही सारखीच दिसतात, साहेब.

कपबशी: मी पेठकरांच्या बाजूनं. यांची बदली झाली, लेकीला क्लासला सोडायला कुणी नाही, म्हणून चाळिशीत स्कूटर शिकले. आवड शून्य, भीती भरपूर, तरी महिन्याभरात सिंहगड रोडच्या गर्दीत घालायला लागले. उलट हार्मोनियमची आवड लहानपणापासूनची. ती कपाटावर आहे, वर बॅगा. काढायला हात घातला की कुकरची शिट्टी होते. पेटीवाचून घरात कुणाचं अडत नाही ना!

घाटवाट: ताई, मग अडवून ठेवा. एखाद्या बाईंकडे सहा महिन्यांची फी आधीच भरून टाका.

कपबशी: भरलेली फी बुडवण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. जिमवाल्यांना विचारा.