टोंकखुर्दची जमीन (इंदूरच्या आमच्या घरच्या 'रामबागवाले' ग्रुपवरून)

मंदार: देवास जिल्ह्यात टोंकखुर्दकडे चार बिघे जमीन बघून आलो. काळं रान, दोन आंबे, विहीर काठोकाठ. उद्या पुन्हा लॉकडाऊन लागलं की सगळे तिकडेच, आपलं आपण पिकवून खाऊ, आत्मनिर्भर. दलाल शनिवारपर्यंत टोकन मागतोय. बोला.

नंदूकाका: चार बिघे म्हणजे जेमतेम हेक्टर. आपण 14 माणसं, माणशी महिन्याला 10 किलो गहू धरला तर वर्षाचे 17 क्विंटल. पाणी असेल तर सहज निघतील.

वसुआत्या: 'पाणी असेल तर'. श्रावणात विहीर भरलेली दिसणारच रे. 1990 साली मी देवासला नोकरीला होते. प्यायचं पाणी इंदूरहून रेल्वेने यायचं, जिल्ह्याच्या ठिकाणी! खाली सगळा काळा पाषाण, पाणी मावतं ते त्याच्या भेगांत. लोक बोअर खोल खोल नेत गेले आणि भेगा रिकाम्या झाल्या.

नंदूकाका: ताई, ते मागे पडलं. 2006 मध्ये उमाकांत उमराव कलेक्टर आले, म्हणाले जमिनीचा दहावा हिस्सा तलावाला द्या. आधी मोठ्या शेतकऱ्यांनाच गाठलं, कारण कर्ज त्यांना मिळतं. त्या तलावांना रेवासागर म्हणतात. टोंकखुर्द तहसिलीत तर खूप आहेत.

वसुआत्या: मंदार, तुझ्या चार बिघ्यांत आहे का तलाव?

मंदार: शेजारच्याच्या शेतात आहे.

वसुआत्या: मग आत्मनिर्भर शेजारी झाला, तू नाही.

सई: आजी, पण इंदूर तरी कुठे आपल्या पाण्यावर आहे? नर्मदा जलूदहून 70 किलोमीटर पंपाने चढवून आणतो. वीज गेली की आपले नळही कोरडे.

अनघावहिनी: पाण्याचं झालं. बाबांचं इन्शुलिन? वीज नसली तर माठाच्या गारव्यात काही दिवस निभेल, पण नवी कुपी इंदूरहूनच आणायची ना? मीठ, डिझेल, गोळ्या सगळं तसंच. पिठाची गिरणीसुद्धा विजेवर.

मंदार: आजीचं जातं आहे माळ्यावर.

अनघावहिनी: आहे. 14 माणसांचं दळणार कोण, ते आधी ग्रुपवर लिही.

नंदूकाका: आणि तिकडे सगळे सोयाबीन लावतात. त्याचं तेल घाण्यावर नीट निघत नाही, कारखानाच लागतो. घरच्यापुरतं खायचं तर तीळ, शेंगदाणा, तूर लावावी लागेल.

वसुआत्या: मी नको म्हणत नाहीये. वैशाखात जा. सकाळी मोटर लावून विहीर उपसायला सांग आणि संध्याकाळपर्यंत किती भरते ते तिथे बसून बघ. दलालाला काही विचारू नकोस. गावातल्या बायकांना विचार, उन्हाळ्यात टँकर येतो का, आणि दाराशी येतो की चौकातच थांबतो.

मंदार: तोवर जमीन जाईल.

नंदूकाका: जाऊ दे. शनिवारी मी येतो बरोबर. तलाववाल्या शेजाऱ्याकडे चहा घेऊ, त्याने तलाव का खणला ते कळेल. टोकनचे पैसे घरीच ठेव.

अनघावहिनी: जाताच आहात तर येताना भुट्टे आणा, कोवळे. रविवारी कीस करते.


सई: मी पण येते शनिवारी. मागची सीट माझी.