कडक, खाष्ट, खत्रूड आणि 'कावायलेत'

विचारणा (नांदेड): आमच्या बँकेच्या शाखेत नवीन मॅनेजर आलेत. त्यांच्याबद्दल एक जण 'कडक' म्हणतो, दुसरा 'खाष्ट'. पुण्याहून बदलून आलेल्या मॅडम 'खत्रूड' म्हणतात आणि शिपाईमामा एवढंच सांगतात, 'साहेब नुस्ते कावायलेत' (म्हणजे चिडायलेत). हे सगळे शब्द एकाच अर्थाचे का? दुसरं, साहेब स्वतः दिवसातून चारदा 'वरून प्रेशर आहे' म्हणतात. या प्रेशरला दबाव म्हणावं, दडपण म्हणावं की ताण?

उत्तर: एकाच अर्थाचे नाहीत, आणि त्यातला सगळ्यात नेमका शब्द शिपाईमामांनी वापरलाय असं माझं मत आहे.

'कडक' ही मुळात तक्रारच नाही. कडक साहेब सगळ्यांना सारखा कडक. रजेचा अर्ज वेळेत नसला तर मेहुण्याचाही परत पाठवील. त्याच्या हाताखाली काम केलेली माणसं निवृत्तीनंतर त्याचं नाव कौतुकानं काढतात. 'खमक्या' त्याच्या पुढची पायरी. खमक्या तो, जो वरच्यालाही ऐकवतो. असा साहेब सगळ्यांना हवा असतो, कारण त्याच्या आडोशाला उभं राहता येतं.

'खाष्ट' घरातून ऑफिसात आला. तो सासूला चिकटलेला शब्द आहे आणि तिच्या सवयी घेऊनच आला: केलेलं पसंत न पडणं, टोमणा मारणं, आल्यागेल्यासमोर उणं काढणं. पण सासू आधी सून होती हेही त्या शब्दात गृहीत आहे. म्हणून कारकुनीतून चढत वर गेलेल्या साहेबाला तो बरोबर बसतो. परीक्षा देऊन थेट खुर्चीवर आलेला पंचविशीतला अधिकारी तिरसट असेल, हेकट असेल, खाष्ट नसतो. खाष्टपणा मुरावा लागतो.

'खत्रूड' आपल्याकडं समजतो, पण बोलताना उसना वाटतो. 'खडूस'चंही तेच, तो टीव्हीनं घरोघरी नेला. मॅडमना एक मात्र सांगून ठेवा: तिकडच्या सवयीनं 'साहेब फार कडू आहेत' म्हणू नका. मराठवाड्यात 'कडू' ही थेट जन्मावर जाणारी शिवी आहे. सगळी शाखा माना वर करून बघेल.

आता 'कावणे'. बाकीची सगळी विशेषणं आहेत. विशेषण माणसाला डकवलं की निघत नाही. बदली होऊन तो पुढच्या गावी जाण्याआधी त्याचा 'खाष्ट' तिथं पोचलेला असतो. 'कावायलेत' हे क्रियापद आहे, आणि तेही आपल्या 'करायलेत, बोलायलेत' या चालू काळातलं. सध्या असं चाललंय, एवढंच ते सांगतं. स्वभावाचा निवाडा करत नाही. उलट लगेच पुढचा प्रश्न सुचतो: कामून कावायलेत?

प्रेशरचं उत्तर तिथंच आहे. 'दबाव' म्हटलं की टाकणारा माणूस दिसतो, पुढाऱ्याचा फोन वगैरे. 'दडपण' मनावरचं असतं, ते फोन न येताही येतं. 'ताण' अंगावर निघतो. झोप जाते, बीपी वाढतं. तुमच्या साहेबांच्या मागं आहे तो 'तगादा'. मूळ अरबी, उर्दूत 'तकाजा'. एकच मागणी पुन्हा पुन्हा. सावकाराचा तगादा इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पण बँकेच्या मॅनेजरलाही तो असतो, आणि दोन तोंडांनी असतो. जून-जुलैत जिल्हाधिकाऱ्यांची आढावा बैठक पीककर्ज वाटपाचा टक्का विचारते: वाटप का होत नाही? त्याच आठवड्यात क्षेत्रीय कार्यालयाची व्हीसी (व्हिडिओवरची बैठक) विचारते: वसुली का होत नाही? कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की खातं एनपीएत, म्हणजे अनुत्पादक कर्जात, जातं, आणि थकीत खात्यावर नवं कर्ज देता येत नाही. 2017 ला कर्जमाफी झाली, 2019 ला पुन्हा झाली. तेव्हापासून माफीची नुसती चर्चा निघाली तरी भरणारा हात आखडतो. हे सगळं शाखेतल्या माणसानं सांभाळायचं, आणि व्हीसीत सगळ्यांदेखत नाव पुकारलं जातं ते त्याचंच. मग जेवणाच्या सुट्टीनंतर कॅशियरच्या टेबलावर जे होतं त्याला आपल्याकडं जुनी म्हण आहे: वड्याचं तेल वांग्यावर.

प्रतिसाद (बीड): तगादा म्हणाल तर आमच्याकडचा ऊसतोडीचा 'मुकादम' घ्या. अरबी 'मुकद्दम' म्हणजे पुढं ठेवलेला. पुढं ठेवलेलाच आहे तो, दोन्हीकडून मार खायला. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतो आणि कोयत्यांत वाटतो. (बाहेरच्यांसाठी: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता.) एखादा कोयता हंगामाच्या मधीच गावी निघून गेला की त्याची उचल मुकादमाच्या अंगावर. तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो, म्हणून कारखान्याला रोज ताजा ऊस पाहिजे. गाडी भरली नाही की मुकादमाला फोन. मग बाईला ताप असला तरी फडात चला, नाही आलात तर खाडा, आणि खाड्याला दंड. फडातले लोक त्याला खाष्ट म्हणत नाहीत की खत्रूड म्हणत नाहीत. 'मुकादम तटलाय' म्हणतात, म्हणजे हटून बसलाय. पण एक सांगतो, दंड लावणं आणि हात उचलणं यात फरक आहे. हात उचलणाऱ्याला 'वरून तगादा होता' हे कारण पुरत नाही. तिथं 'जुलूम' हाच शब्द, दुसरा शोधू नये.

प्रतिसाद (परभणी, महसूल खात्यातून निवृत्त): वरील दोघांशी सहमत. एक भर घालतो. निजामाच्या राज्यात, म्हणजे 1948 पर्यंत, आपल्याकडं कारभार उर्दूत होता. कलेक्टरला 'अव्वल तालुकदार' म्हणत. त्या काळातल्या माणसांच्या तोंडून 'साहेबांनी तलब केलंय' असं मी नोकरीच्या सुरुवातीला ऐकलंय. पुण्याकडं तलब येते ती तंबाखूची. आपल्याकडं तलब म्हणजे बोलावणं, आणि 'जवाबतलब' म्हणजे आजची कारणे दाखवा नोटीस. नोटीस कागदावर येते, जवाबतलब तोंडी व्हायचा आणि जास्त झोंबायचा.

'हुद्दा' शब्दही त्याच घरातला. अरबीत 'उहदा' म्हणजे अंगावर घेतलेली जबाबदारी. मराठीत येईपर्यंत जबाबदारी गळाली आणि खुर्ची राहिली. तहसीलमध्ये मी एका साहेबांकडं दोन तालुक्यांचा कार्यभार पाहिलाय, मूळ एक आणि अतिरिक्त एक. अतिरिक्तवाल्या तालुक्यातले लोक त्यांना 'उर्मट' म्हणत, कारण ते कुणाला बसा म्हणत नसत. बसा म्हणायला ते स्वतः बसलेले तर पाहिजेत.

विचारणा (नांदेड): तगादा पटला. पण मग 'वरून आलंय' ही पळवाट नाही का? आमचे साहेब प्रत्येक गोष्टीला तेच म्हणतात.

उत्तर: कधी कधी आहे. त्या वाक्यात कर्ता नसतो, हीच त्याची सोय. 'वरून आलंय', 'करावं लागतंय', 'सांगितलंय तसं'. कुणी सांगितलं ते गुलदस्त्यात. खरा तगादा असला की माणूस तपशील देतो: अमक्या तारखेची बैठक आहे, इतकी खाती राहिलीत, माझं नाव पुकारलं. तपशील न देता नुसतं 'वरून' म्हणणाऱ्याला आमच्या जुन्या हेडक्लार्क भाऊसाहेबांकडं एक उत्तर असायचं: 'हौ साहेब, तेवढं लेखी द्या.' तगादा खरा असला तर साहेब कागद दाखवत. नसला तर काम दुसऱ्या दिवसावर जाई.

प्रतिसाद (लातूर): 'खनपटीला बसणे' राहिलं की! तगादा लांबून येतो, फोनवरून, पत्रातून. खनपटीला बसणारा समोर खुर्ची ओढून बसतो आणि काम झाल्याशिवाय उठत नाही. आमच्याकडं साहेबाला व्हीसीचा तगादा असतो आणि साहेब आमच्या खनपटीला बसतात. हा वापर उदगीर-अहमदपूरकडं सर्रास आहे. हिंगोलीकडं काय म्हणतात?