बाल्कनीतल्या अँटेनाचा पीपीएस रोज संध्याकाळी का सरकतो?

ग्रिलवाला:
नमस्कार मंडळी, घरी जीपीएसला लॉक होणारा १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर बनवतोय. दोन सारखे जीपीएस मॉड्यूल आहेत, एकाचा अँटेना गच्चीवर टाकीच्या वर पाइपाला, दुसऱ्याचा तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीच्या ग्रिलला. दोघांचे पीपीएस (दर सेकंदाला मिळणारा पल्स) काउंटरवर ताडून बघतो तर दिवसभर फरक जवळपास तेवढाच, पण साडेसातच्या सुमारास बाल्कनीवाला ७०-८० नॅनोसेकंद मागे पडतो आणि वीसेक मिनिटांत परत जागेवर. ऊन उतरलं की मॉड्यूल थंड होतं म्हणून असेल असं वाटलं, थर्माकोलच्या डब्यात ठेवून पाहिलं, तरी तेच. काय करू?

गच्चीकर:
सुमारास नको, लॉग बघून रोजची नेमकी वेळ टाका. आणि नुसतं जीपीएस चालू आहे की रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ पण?

ग्रिलवाला:
नुसतं जीपीएस. सोमवारी ७:४१, मंगळवारी ७:३७, बुधवारी ७:३३, शनिवारी ७:२१. अरे हे तर रोज चार मिनिटं अलीकडे येतंय!

गच्चीकर:
झालं तर मग, उन्हाचा काही संबंध नाही. ऊन, तापमान, आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) हे सगळं घड्याळाच्या २४ तासांनी फिरतं, पण जीपीएसचा उपग्रह दोन फेऱ्या मारून आकाशात त्याच जागी येतो तो साधारण २३ तास ५६ मिनिटांनी, म्हणजे तुमचा त्रास उपग्रहाच्या जागेला बांधलेला आहे. समोर बिल्डिंग आहे का, किती लांब?

ग्रिलवाला:
बी विंग, १८ मीटरवर. बाल्कनी पूर्वेला.

गच्चीकर:
पश्चिमेचा उपग्रह तुमच्याच बिल्डिंगमागे लपतो, त्याचा सिग्नल वरून जाऊन बी विंगच्या भिंतीवर आपटून ग्रिलवर येतो. उपग्रह ४५ अंशांवर असेल तर २५ मीटरचा वळसा. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटीमीटर जातो, करा हिशोब, ८५ च्या आसपास येतं. त्यात अर्धं आकाश झाकलेलं, चार-पाचच उपग्रह दिसणार, मग एक खोटा असला तरी सगळ्यांना ओढतो.

कोॲक्स:
गच्चीकरांशी सहमत. एक भर घालतो, गच्चीवर survey करून (म्हणजे मॉड्यूलला बराच वेळ स्वतःची जागा मोजू देऊन) जागा फिक्स करा म्हणजे टायमिंग मोडमध्ये एका उपग्रहावरही वेळ मिळते, नाहीतर मॉड्यूल दर सेकंदाला जागा आणि वेळ दोन्ही सोडवत बसतं आणि उंचीतली चूक वेळेत उतरते, ३ मीटर म्हणजे १० नॅनोसेकंद. १५ अंशांखालचे उपग्रह बंद करा. आणि केबल मोजा, डिश टीव्हीची आरजी-६ केबल असेल तर मीटरला ४ नॅनोसेकंद उशीर धरा, ही चूक कायम सारखीच असते त्यामुळे सेटिंगमध्ये एकदा टाकली की विषय संपला. भिंतीवरून आलेल्या सिग्नलला असली सेटिंग नाही, तिथे अँटेनाच हलवावा लागतो.

ग्रिलवाला:
दुसरा अँटेनाही काल गच्चीवर नेला, २२ मीटर केबल, सेटिंगमध्ये ८८ टाकले. आज ७:१३ ला काउंटरसमोर बसून होतो, फरक १० नॅनोसेकंदांच्या आतच राहिला. दोघांचे मनापासून आभार!