कन्फर्मेशन आलं म्हणजे झालं?
वेबसाइटवर चुकून फारच कमी किंमत लागलेली वस्तू मागवली, तर काहीजण म्हणतात, "किंमत त्यांनी टाकली, आपण फक्त विकत घेतलं, यात फसवणूक कसली", आणि वर "कन्फर्मेशनचा ईमेल आलाय, आता द्यावंच लागेल". यातलं पहिलं अर्धंच पटतं. किंमत चुकलीय हे लक्षातच आलं नाही तर ठीक, पण कळूनसवरून घेतलं तर? सिंगापूरला २००३ साली ३,८५४ सिंगापूर डॉलरचा एचपीचा लेझर प्रिंटर वेबसाइटवर चुकून ६६ डॉलरला लागला आणि सहा जणांनी मिळून मध्यरात्रीनंतर १,६०६ प्रिंटर मागवले (एवढं काय छापणार होते देव जाणे!), कन्फर्मेशनचे ईमेलही आले, तरी कोर्टाने करारच रद्दबातल ठरवला, कारण किंमत चुकलीय हे त्यांना ठाऊक होतं, आपसातली चॅटसुद्धा पुराव्यात आली. म्हणजे "ईमेल आलाय, आता द्यावंच लागेल" हा दुसरा मुद्दाही निदान तिथे तरी टिकला नाही.